तिसऱ्या पिंपातलं विरजण

त्या घरात वाइन तयार झाली की नाही, हे कॅलेंडर ठरवत नसे आणि काचेच्या नळीतलं मोजमापही ठरवत नसे. ते बाबा ठरवत. थंडी सरली की ते तळघरात उतरत, एकेका पिंपाची तोटी सोडून घोटभर वाइन पेल्यात घेत, तोंडात घोळवत, डोळे मिटून उभे राहत आणि घरच्यांचा जीव पुरेसा टांगणीला लागला अशी खात्री झाली की एकच शब्द बोलत, "झालं." तो शब्द पडल्याशिवाय एक बाटली दाराबाहेर जात नसे. पाठीमागे सगळे त्यांना झालंकाका म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. वरून मात्र नाक मुरडायचे.

धंदा सफरचंदाच्या वाइनचा. फळं किसायची, दाबयंत्राखाली पिळायची, रस लाकडी पिंपांत भरायचा आणि मग त्यात काहीही घालायचं नाही. साखर नाही, पाकिटातलं यीस्ट नाही. रस आपोआप आंबायचा. आपोआप म्हणजे तरी काय, तर पिंपांच्या लाकडात, दाबयंत्राच्या फटींत आणि सगळ्यात जास्त त्या लांब लाकडी वल्ह्यात घरचं यीस्ट मुरून बसलं होतं, बाबांच्या आजोबांच्या काळापासून. वल्हं कधी घासायचं नाही, नुसतं गार पाण्याखाली धरायचं. आणि ढवळायला सुरुवात करायची ती जे पिंप सगळ्यात जोरात उसळतंय त्यातून. तिथून वल्हं न धुता पुढच्या पिंपात, मग त्याच्या पुढच्या. जोराचं पिंप मंद पिंपाला जागं करतं, असा त्यामागचा हिशेब. दूध विरजावं तसंच की ते! पिढ्यान् पिढ्या हे चाललं होतं आणि त्यात कधी माशी शिंकली नव्हती.

बाबांच्या थोरल्या मुलीने आई गेल्यापासून सगळा कारभार हातात घेतला होता. फळांची खरेदी, कामगार, बाटल्या, गिऱ्हाईकं, सगळं तीच बघे. धाकटा भाऊ गाडीवर माल पोचवायचा. बाबांकडे उरलं होतं ते ढवळणं आणि "झालं" म्हणणं. तेवढ्यावर त्यांचा सगळा रुबाब होता आणि थोरलीलाही वाटायचं, राहू दे, एवढं तरी राहू दे.

मागच्याच्या मागच्या हंगामात, ऐन पिळणीच्या दिवसांत, बाबांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ऑक्सिजन लावून निजवलं होतं. इकडे तिसऱ्या पिंपाचं घोडं अडलं. फेस बसला, बुडबुडे थांबले, रस अजून गोडच. असं पूर्वीही व्हायचं. बाबा त्या पिंपाला जुन्या घोंगड्या गुंडाळत, चार शिव्या देत आणि वाट बघत. आठवडा जायचा, कधी दोन. पण वाट बघायला अंगात बाबांसारखी मस्ती लागते. थोरलीची पाचावर धारण बसली. बाबा घरी आले आणि पिंप नासलेलं बघितलं तर काय होईल, हाच एक विचार तिच्या डोक्यात.

ती वाइनचं सामान विकणाऱ्या दुकानदाराकडे गेली. त्याने पाकीट काढून दिलं. "हे घाला ताई. अडलेलं पिंप हे चालू करतंच करतं. दुसरं कुठलं यीस्ट ह्याच्यासमोर टिकत नाही."

पहिलं वाक्य तिने जपून घरी आणलं. शेवटचं वाक्य तिच्या कानावरून गेलं, आत शिरलं नाही. अडचणीतल्या माणसाचे कान असेच निवडून ऐकतात.

पाकिटातली पूड कोमट पाण्यात भिजवून तिने तिसऱ्या पिंपात ओतली. एवढंच. बाकी पिंपांना हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिसरं पिंप असं काही उसळलं की झाकणाखालून फेस बाहेर. तिच्या जिवात जीव आला.

त्याच आठवड्यात बाबा घरी आले. निम्मे झालेले, गालफडं बसलेली, अंगावर शाल. चहासुद्धा न घेता भिंत धरून तळघरात उतरले आणि एकेका पिंपाला कान लावत सुटले. तिसऱ्यापाशी थांबले आणि चेहरा असा उजळला की बस.

"अगं, हे बघ कसं गातंय! मी नव्हतो म्हणून रुसेल वाटलं होतं मला."

पलीकडच्या पिंपांत उशिराच्या सफरचंदांचा रस नुकताच भरला होता, अजून गप्प होता. बाबांनी भिंतीवरचं वल्हं काढलं, तिसऱ्यात बुडवलं, खोलवर फिरवलं आणि निथळतं तसंच चौथ्याकडे नेलं. थोरली शेवटच्या पायरीवर उभी होती.

"बाबा..."

"काय गं?"

काय सांगणार? तुम्ही आजारी होतात तेव्हा मी तुमच्या पिंपात दुकानचं पाकीट घातलं? तो माणूस मरणाच्या दारातून परत आलेला, हातात वल्हं, तोंडावर हसू. आणि चिमूटभर पुडीने असं काय होणार होतं?

"शाल नीट घ्या," ती म्हणाली.

बाबांनी शाल नीट घेतली आणि वल्हं चौथ्यात घातलं. मग पाचव्यात. मग सहाव्यात.

त्या वर्षी थंडी सरल्यावर बाबा "झालं" म्हणाले खरे, पण जरा थांबून म्हणाले. चौथ्या-पाचव्यापाशी दोनदा घोट घेतला. "औषधांनी तोंड कडू झालंय माझं," असं स्वतःच म्हणून मोकळे झाले. पुढच्या हंगामात तीच पिंपं, तेच दाबयंत्र, तेच न धुतलेलं वल्हं. रस सगळीकडे चटकन उसळला. एकही पिंप अडलं नाही. थोरली मनात म्हणाली, सुटले.

आणि मग ह्या वर्षीचं चाखणं आलं.

बाबांनी पहिल्या पिंपाचा घोट घेतला, डोळे मिटले, उघडले. "अजून नाही." दुसऱ्याचा घेतला. "अजून नाही." असं करत शेवटच्या पिंपापर्यंत गेले आणि पेला उपडा घालून वर निघून गेले. पंधरवड्याने पुन्हा तेच, महिन्याने पुन्हा तेच. वाइन नितळ झाली होती, बुडबुडा उरला नव्हता, गिऱ्हाईकं फोनवर फोन करत होती आणि घराचा शब्द काही पडत नव्हता.

"काय कमी आहे तरी काय, बाबा?" धाकट्याने विचारलं.

"शेवट नाहीये तिला," बाबा म्हणाले. "आपली वाइन गिळून झाल्यावर जिभेच्या कडेला कडसर रेंगाळते, कच्च्या बदामासारखी. ही येते, गोड बोलते आणि निघून जाते."

धाकटा बिचारा समजूत घालायला गेला. "मलाही तसंच वाटतंय बाबा, काहीतरी कमी आहे खरं." आणि संध्याकाळी त्याच वाइनचे तीन पेले मिटक्या मारत पिताना बाबांनी त्याला पकडला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "माझ्यासाठी खोटं बोलू नका रे. म्हातारा झालोय, खुळा नाही."

डॉक्टर म्हणाले, ताप फुप्फुसापर्यंत गेला की कधीकधी चव मंदावते, ह्या वयात परत येईलच असं नाही. मीठ, साखर, लिंबू सगळं बरोबर ओळखलं बाबांनी. पण वाइन म्हणजे मीठ-साखर नव्हे, असं म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःविरुद्ध निकाल दिला. एका सकाळी तळघरात तोटीखाली पेला भरला आणि थोरलीच्या हातात दिला.

"माझी जीभ गेली गं. आता तू म्हण."

थोरलीने घोट घेतला. वाइन चांगली होती. स्वच्छ, तरतरीत, कुणीही खूश व्हावं अशी. आणि जिभेच्या कडेला काहीच नव्हतं. बाबा सांगत होते ते शब्दन्‌शब्द खरं होतं. तिच्या जिभेला ते कळलं, कारण लहानपणापासून त्यांच्याच पेल्यातले घोट चाखून ती वाढली होती. तिला तिसरं पिंप आठवलं, पाकीट आठवलं. बोलायची वेळ होती ती. समोर म्हातारा बाप एखाद्या शाळकरी मुलासारखा उभा, बाहेर गाडी रिकामी उभी, आणि हिने काय करावं?

"झालं," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली आणि जिना चढून गेले. पुन्हा तळघरात ते आले ते झाडलोट करायला, झाकणं पुसायला. चाखायला नाही.

तेव्हापासून थोरलीला जेवण गोड लागेना. शेवटी ती एक बाटली आणि तिसऱ्या पिंपाच्या तळाचा गाळ घेऊन भिंगवालीकडे गेली. ही तिची शाळेतली मैत्रीण. लहानपणी मुंग्यांमागे भिंग घेऊन फिरायची म्हणून ते नाव पडलं, आणि आता यीस्ट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून तिने ते सार्थ केलं होतं. थोरलीने तिला पाकिटासकट सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं हे पहिल्यांदाच.

थोड्या दिवसांनी भिंगवालीने बोलावलं आणि एक चपटी काचेची बशी समोर ठेवली. बशीत दुधट थर होता, त्यात मधोमध एक ठिपका, ठिपक्याभोवती मोकळं वर्तुळ आणि वर्तुळाला निळी कड.

"हा थर साध्या यीस्टचा. आम्ही मुद्दाम वाढवलेला," ती म्हणाली. "मधला ठिपका तुझ्या पिंपातला. आणि हे मोकळं दिसतंय ना, तिथे कुणी वाढलंच नाही. कडेला निळ्या दिसतात त्या मेलेल्या पेशी. बशीत आम्ही निळा रंग घालतो; जिवंत पेशी तो आपल्यात टिकू देत नाही. मेलेली काय करणार."

"कशाने मेल्या?"

"ह्याने मारल्या. काही यीस्ट विष बनवतात. ह्याच्या पेशीत एक विषाणू राहतो, तो ह्याला काही करत नाही, उलट ह्याच्याकडून विष बनवून घेतो. ते विष रसात सुटतं, शेजारच्या दुसऱ्या यीस्टच्या अंगाला चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं. आतलं सगळं गळून जातं. ज्याने विष सोडलं त्याला मात्र त्याचाच उतारा मिळालेला असतो. रस आंबट आणि गार असला की विष अगदी जोरात चालतं."

"म्हणजे आमचं तळघर."

"म्हणजे तुमचं तळघर. पिणाऱ्या माणसाला त्याचं काही नाही, त्यामुळे दुकानात उघड विकतात. रानटी यीस्टने पिंप नासू नये म्हणून लोक विकतही घेतात."

"आमचं रानटी नव्हतं गं."

"त्याला काय माहीत?" भिंगवाली म्हणाली आणि मग मैत्रिणीचा चेहरा बघून जरा मऊ झाली. "एका पिंपात घातलंस, ते तिथेच राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण तुमच्याकडे ते वल्हं."

थोरलीने बशी बाजूला सरकवली. वल्हं बाबांनी फिरवलं होतं. शंभर वर्षं घरच्यांनी जे जिवंत ठेवलं, ते मारणारं विरजण त्यांनी स्वतःच्या हाताने, हसत हसत, पिंपापिंपातून नेलं होतं, आणि ती पायरीवर उभी राहून त्यांना शाल घ्यायला सांगत होती. आणि वर त्यांची जीभ! अख्ख्या घरात तीच एक जीभ खरं सांगत होती आणि तिलाच सगळ्यांनी मिळून खोटं पाडलं.

"जुनं कुठेच उरलं नसेल का?" तिने विचारलं. "लाकडात, फटीत?"

"ह्याच्या शेजारी? नाही वाटत. वल्हं न लागलेलं एखादं पिंप आहे?"

होतं. धाकट्याला मुलगी झाली त्या वर्षी बाबांनी नातीच्या नावाने एक लहान पिंप भरलं होतं. ती मोठी झाल्यावर फोडायचं म्हणून मागच्या कोठीत आडवं ठेवलेलं. आजाराच्या बऱ्याच आधीचं, गाळासकट बंद. बंद केल्यापासून त्याला कुणी वल्हं लावलं नव्हतं.

भिंगवाली खुर्चीत सरळ झाली. "मग त्याच्या तळाचा चमचाभर गाळ मला आणून दे. दोन-चार पेशी जरी जिवंत सापडल्या तरी वाढवता येतील. नवी पिंपं घ्या, नवं वल्हं करा, वेगळ्या खोलीत. तुमचं यीस्ट परत मिळेल. आणि बापाला सांग. आजच सांग."

परतताना थोरलीला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. काय सांगायचं ते तिने मनात घोळवून ठेवलं. आधी गोड बातमी: बाबा, तुमची जीभ शाबूत आहे. मग पाकीट. मग लगेच नातीचं पिंप, म्हणजे त्यांना रडायला फुरसतच मिळणार नाही, कामाला लागतील. रागावतील, चार दिवस बोलणार नाहीत, पण "झालं" पुन्हा त्यांच्याकडे जाईल. फक्त धाकटा गाडी घेऊन बाहेरगावी होता, रविवारी येणार होता. तो असला म्हणजे सावरायला बरं. रविवारपर्यंत थांबू, असं तिने ठरवलं. इतके महिने थांबलेलं माणूस, त्याला दोन दिवसांचं काय वाटणार!

शनिवारी दुपारी ती बाजारातून आली तेव्हा मागच्या अंगणात वाफेचा लोट दिसला. बाह्या वर सारून बाबा उभे, शेजारी चुलीवर मोठं पातेलं, आणि अंगणातल्या मोरीच्या तोंडाशी उपडं घातलेलं लहान पिंप. मोरीपर्यंत दगड ओले होते. त्या ओलीला वास होता. कच्च्या बदामाचा.

"बाबा, हे काय केलंत?"

"ये. बरं झालं आलीस," बाबा म्हणाले. घाम आलेला, पण कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान होतं. "नातीचं पिंप बघायला गेलो. म्हटलं कुठे पाझरत तर नाही. तोटी सोडून घोट घेतला. तर काय सांगू तुला, सगळ्या पिंपांपेक्षा वेगळं लागलं! तुझी सगळी पिंपं एक चव सांगतात, तू झालं म्हणालीस, धाकटा म्हणाला, गिऱ्हाईकं मागून मागून नेतायत. आणि हे एकटंच निराळं. नासलेलं."

"नासलेलं कशावरून?"

बाबांनी पिंपाच्या कडेवर हात ठेवला. सांगू की नको असा चेहरा झाला.

"मला आवडलं गं," ते म्हणाले. "इतकं आवडलं की डोळ्यात पाणी आलं. तेव्हाच ओळखलं, हे बिघडलंय. माझ्या जिभेला जे बरं लागतं ते हल्ली बरं नसतं. पोरीच्या नावाचं पिंप, पुढे तिच्या पाहुण्यांसमोर फोडायचं, तेव्हा फजिती नको. ओतून टाकलं. नासक्या पिंपाला उकळतं पाणी द्यावं लागतं, तीन वेळा दिलं. सोडाही घातला. आता काही शिल्लक नाही त्यात."

थोरली मोरीपाशी खाली बसली. दगडांच्या फटींतून वाफ येत होती. तिने बोटाने त्या फटींत काही गाळ मिळतो का बघितलं, आणि बोट भाजलं.

"बाबा, तुमची जीभ शाबूत आहे," ती म्हणाली.

"हो, हो."

"ऐका माझं. खरंच शाबूत आहे. वाइन बदललीय, तुम्ही नाही." आणि तिथेच, ओल्या दगडांवर बसून तिने सगळं सांगितलं. तिसरं पिंप, पाकीट, दुकानदार, वल्हं, बशीतली निळी कड, विष. आधी गोड बातमी, मग कडू, असं जे रचून ठेवलं होतं ते सगळं उलटंपालटं झालं. शब्द मागेपुढे झाले. मधेच रडू आलं. बाबा कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग यावा म्हणून ती बघत होती, पण त्यांचा चेहरा मऊ मऊच होत गेला.

"यीस्ट यीस्टला विष घालतं होय?" ते म्हणाले. "बरंच डोकं चालवलंस की. धाकट्यापेक्षा बरं रचलंस तू."

"रचलेलं नाही हो, बाबा! भिंगवालीला विचारा."

"विचारलं तर ती तुझंच बोलेल. मैत्रीण कुणाची?"

"मी तुमच्यापासून लपवलं, तुम्ही आजारी होतात म्हणून..."

"मी आजारी होतो आणि तू माझ्या पिंपात दुकानचं पाकीट घालशील? तू?" बाबा हसले. "दुसरं कुणी सांगितलं असतं तर एखादवेळेस खरंही वाटलं असतं. पण तू नाही करायचीस असलं काही. मला माहीत आहे."

ह्याच्यावर एकच उत्तर होतं, पेल्यात भरून त्यांच्या हातात द्यावं असं. ते मोरीतून वाहून गेलं होतं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की मी केलं, मीच केलं, पण जितकं ओरडावं तितकी ती जास्त मायाळू मुलगी ठरणार होती.

बाबा गुडघे सावरत तिच्याशेजारी टेकले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला सोड्याचा वास होता.

"वय झालं की जीभ जातेच गं," ते म्हणाले. "माझं काही दुखत नाही आता. खरंच नाही. तू कशाला एवढी रडतेस?"